सीएची फी भरण्याआधी मुलीची क्षमता कशी पारखावी?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी बारावी वाणिज्य ८४ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली आहे, गणितात तिला ९१ गुण आहेत, दहावीपर्यंत ती मराठी माध्यमात होती आणि तेव्हापासूनच सीए व्हायचे असे म्हणते आहे. आपण डोंबिवलीला राहता, घरात कमावणारे एकटे तिचे वडील आहेत आणि दादरच्या एका क्लासने जूनअखेर पूर्ण फी भरायला सांगितली आहे. ती भरण्याआधी तिच्यात ती क्षमता आहे की नाही हे कळावे म्हणून एखादी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट द्यावी का, असे आपण विचारले आहे. मी दादरलाच गेली सव्वीस वर्षे सीए म्हणून व्यवसाय करते. या काळात माझ्या ऑफिसातून साठेक मुलेमुली आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण, करून गेली. त्यांतली बरीच सीए झाली, काही झाली नाहीत. आणि जी झाली नाहीत ती बुद्धीने कमी होती असे मला एकाच्याही बाबतीत म्हणता येणार नाही. म्हणून आपल्याला सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी प्रश्नाची थोडी फोड करते. ‘तिच्यात क्षमता आहे का’ या एका प्रश्नात खरे तर दोन प्रश्न आहेत. सीएचे काम तिच्या स्वभावाला मानवेल का, हा एक. आणि त्या कामापर्यंत नेणारा परीक्षांचा रस्ता तिला झेपेल का, हा दुसरा. काही मुलांना काम उत्तम जमते, परंतु तीन तासांत पेपर पुरा होत नाही. काही मुले पेपर झपाट्याने सोडवतात, परंतु ऑडिटला बसवले की तिसऱ्या दिवशी कंटाळतात. पहिल्या प्रकारच्या मुलांना सरावाने पुष्कळ मदत करता येते. दुसऱ्या प्रकारच्या मुलांची मला अधिक काळजी वाटते, कारण ती उत्तीर्ण होतात आणि मग नको असलेले काम वर्षानुवर्षे करत राहतात. या दोन्ही गोष्टींची पारख घरच्या घरी, जवळजवळ खर्च न करता, सहा आठवड्यांत करता येते असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

गुणांविषयी आधी बोलू. ८४ टक्के हे चांगलेच गुण आहेत, पण ते कोणत्या विषयांतून आले आहेत हे पाहावे लागते. ओसी (वाणिज्य संघटन) आणि एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) या विषयांत नीट पाठांतर करणाऱ्या मुलाला चांगले गुण मिळतात. शिवाय विषयातले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात आणि ते बहुतेकांना भरभरून मिळतात, तेव्हा तेवढे मनातल्या मनात बाजूला ठेवून उरलेल्या ८० कडे पाहावे. सगळ्यांत आधी बीकेचे, म्हणजे बुककीपिंगचे, गुण पाहावेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिची बीकेची वही काढायला सांगावी. पार्टनरशिपच्या गणितात ताळेबंद जुळला नाही की ती काय करत असे, हे तिला सहज विचारावे. काही मुले फरक शोधत बसतात, काही पुढच्या गणिताकडे वळतात, आणि काही मागचे उत्तर पाहून हवा तो आकडा कुठेतरी बसवतात. रागावण्याचा सूर नसेल तर मुले याचे खरे उत्तर देतात, आणि त्या उत्तरातून जे कळते ते गुणपत्रिकेतून कळत नाही.

गणितातल्या ९१ गुणांचा आपण उल्लेख विशेष केला आहे, कारण सीए म्हणजे आकडेमोड अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. फाउंडेशनच्या, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेच्या, चार पेपरांपैकी क्वांटिटेटिव्ह अ‍ॅप्टिट्यूड हा एक पेपर आहे. त्यात व्यावसायिक गणिताला ४० गुण, तर्काला २० आणि संख्याशास्त्राला ४०. तिथे तिचे गणित नक्की उपयोगी पडेल. पण पुढे इंटरमीडिएटच्या, म्हणजे दुसऱ्या परीक्षेच्या, सहा पेपरांकडे पाहिले तर कंपनी कायदा, आयकर आणि जीएसटी, ऑडिट असे जे विषय येतात, त्यांत बेरीज-वजाबाकी, टक्केवारी आणि प्रमाण यांपलीकडचे गणित फारसे लागत नाही. लागते ते वाचन. एक तरतूद वाचायची, तिच्यातली ‘परंतु’ पासून सुरू होणारी अट वाचायची, मग समोरच्या व्यवहाराला ती लागू होते का ते ठरवायचे आणि ते कारणासह लिहायचे, असे हे काम आहे. गणितात अतिशय गती असलेल्या पण चार पाने कायदा वाचताना जीव घाबरा होणाऱ्या मुलाला मी सीएपेक्षा विमागणिताकडे, म्हणजे अ‍ॅक्च्युअरीच्या अभ्यासक्रमाकडे पाहायला सांगते.

आता अ‍ॅप्टिट्यूड टेस्टविषयी. आपल्याकडे कल आणि अभिक्षमता हे दोन शब्द सरमिसळ करून वापरले जातात. २०१६ पासून काही वर्षे राज्य मंडळाने दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली होती, ती अनेक पालकांना आठवत असेल. कल म्हणजे ओढा, आणि अभिक्षमता म्हणजे एखादी गोष्ट शिकण्याची तयारी. आपल्या मुलीचा कल कुठे आहे हे ती दहावीपासून सांगतेच आहे. प्रश्न अभिक्षमतेचा आहे. समुपदेशक ज्या चाचण्या घेतात त्यांत अंकज्ञान, भाषा, तर्क यांबरोबर आकड्यांच्या आणि नावांच्या जोड्या वेगाने व अचूक ताडून पाहण्याचा एक भाग बहुधा असतो. पालक तो भाग कारकुनी म्हणून सोडून देतात. माझ्या मते आमच्या कामाशी सर्वांत जवळचा भाग तोच आहे. अनुभवी समुपदेशकाकडे चाचणी जरूर घ्यावी, पण अहवालात ‘सीएसाठी योग्य’ असे लिहिले आहे की नाही यावर निर्णय सोपवू नये. दोन-अडीच तासांची चाचणी मुलीची तल्लखता दाखवते. न सुटणाऱ्या गोष्टीपुढे ती कितव्या दिवसापर्यंत बसते, हे त्या वेळात कळणे शक्य नसते.

हे कशावरून म्हणते ते सांगण्यासाठी माझ्या ऑफिसातली एक पद्धत थोडी तपशिलाने सांगते. आर्टिकल म्हणून येणाऱ्या मुलांची मी तोंडी मुलाखत फारशी घेत नाही. एका स्टेशनरीच्या दुकानाचे एका महिन्याचे कॅशबुक आणि त्याच महिन्याचे बँक स्टेटमेंट त्यांच्यापुढे ठेवते. नोंदी चाळीसच्या आसपास आहेत. कॅशबुकातली शिल्लक बँकेतल्या शिलकेपेक्षा ४,६१८ रुपयांनी जास्त दिसते. पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर देते, तासाभरात फरक शोधायला सांगते आणि माझ्या कामाला लागते. पण माझे अर्धे लक्ष तिकडेच असते.

त्या कागदांत दोनच गोष्टी आहेत. बँकेने ११८ रुपये शुल्क कापले आहे आणि कॅशबुकात त्याची नोंद नाही. दुसरे म्हणजे, दुकानाने दिलेला ७,२९० रुपयांचा चेक कॅशबुकात २,७९० असा उतरला आहे. ११८ बाजूला काढले की ४,५०० उरतात, आणि ४,५०० ला नऊने भाग जातो. लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली की पडणाऱ्या फरकाला नेहमी नऊने भाग जातो, हा हिशेबनिसांचा जुना ठोकताळा आहे. मुलांना तो ठाऊक असावा अशी माझी अपेक्षा नसते. अपेक्षा एवढीच की प्रत्येक नोंदीवर टिक करत दोन्ही कागद शेवटपर्यंत ताडून पाहावेत.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. बारावीला नव्वदच्या वर गुण, बोलण्यात तरतरीत. त्याने दहा मिनिटांत दोन्हीकडच्या बेरजा तपासल्या, त्या बरोबर आल्या, मग थोडा वेळ पाने उलटली आणि शेवटी कॅशबुकाच्या तळाला ‘इतर खर्च ४,६१८’ अशी ओळ लिहून मला म्हणाला, “मॅडम, टॅली झाले.” त्याच आठवड्यात लालबागहून एक मुलगी आली. तिने पहिल्या नोंदीपासून पेन्सिलने टिक करायला सुरुवात केली आणि ती इतकी सावकाश चालली होती की मलाच चुळबुळ होऊ लागली. अर्ध्या तासाने तिने मान वर करून विचारले, “मॅडम, हे ११८ म्हणजे १०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी असेल का?” ते तिला कोणी सांगितलेले नव्हते. तास संपला तेव्हा चेक सापडलेला नव्हता. तिने आणखी दहा मिनिटे मागितली, आणि त्या दहा मिनिटांत तो सापडला. पुढे इंटरमीडिएटच्या दुसऱ्या ग्रुपला, म्हणजे पेपरांच्या दुसऱ्या गटाला, तिला दोन अटेम्प्ट लागले. आज ती सीए आहे.

त्या मुलाला वाईट म्हणण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या मनात फसवणूक नव्हती. न जुळणारा आकडा त्याला टोचत नव्हता, इतकेच. पण आमच्या व्यवसायात ते टोचणेच लागते. आज आम्ही ज्या ऑडिट रिपोर्टवर किंवा प्रमाणपत्रावर सही करतो, त्यावर यूडीआयएन नावाचा १८ अंकी क्रमांक घालावा लागतो. त्यामुळे ती सही कोणी, कशावर केली हे केव्हाही तपासता येते. ‘इतर खर्च’ लिहून जुळवलेला ताळेबंद तिथे सहीखाली आपल्या नावाने कायमचा राहतो. सवयीने ही टोचणी थोडी वाढते, हेही मी पाहिले आहे. मुळात अजिबात नसेल तर मात्र ती बाहेरून घालता येत नाही असे मला वाटते.

आता घरी काय करायचे ते सांगते. चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था, म्हणजे आयसीएआय, आपले फाउंडेशनचे स्टडी मटेरियल, मॉक टेस्टचे पेपर आणि मागच्या परीक्षांची नमुना उत्तरे संकेतस्थळावर विनामूल्य देते. क्लास, व्हिडिओ, मोठ्या भावाबहिणींची मदत यांतले काहीही न घेता मुलीने सहा आठवडे रोज तीन तास त्या पुस्तकांसोबत एकटीने बसावे. एक साधी वही करावी आणि तीत रोज तारीख, किती वेळ बसली आणि काय सुटले नाही, एवढेच लिहावे. काय सुटले ते लिहायची गरज नाही.

पहिले दोन आठवडे अकाउंटिंगला द्यावेत, पण बारावीला झालेली प्रकरणे घेऊ नयेत. मालसाठ्याच्या मूल्यांकनाचे प्रकरण घ्यावे. त्यात एक प्रकारचे गणित येते: ३१ मार्चचा साठा काढायचा आहे, पण प्रत्यक्ष मोजणी ५ एप्रिलला झाली आणि त्या दिवशी २,००,००० रुपयांचा माल निघाला. मधल्या पाच दिवसांत ३०,००० ची खरेदी आणि ५०,००० ची विक्री झाली, आणि विक्रीवर नफा २० टक्के आहे. बरीच मुले ५०,००० मिळवून ३०,००० वजा करतात आणि २,२०,००० वर येतात. विक्रीच्या ५०,००० मध्ये १०,००० नफा आहे, गोदामातून गेला तो ४०,००० किमतीचा माल, म्हणून उत्तर २,१०,००० आहे. ही चूक आपल्या मुलीने केली तर अजिबात चिंता करू नये. उत्तर पाहिल्यावर तिने काय केले ते पाहावे. “अच्छा, ४० धरायचे होते” म्हणून ती पुढे गेली, की तो नफा का काढायचा हे स्वतःला समजावूनच उठली? गोदाम, माल, बिल डोळ्यांपुढे आणून विचार करणारी मुले पुढे ३१ मार्चला आम्ही भिवंडीच्या गोदामात खरोखर माल मोजायला पाठवतो तेव्हा उपयोगी पडतात.

पुढचे दोन आठवडे कायद्याला द्यावेत, आणि माझ्या दृष्टीने या सहा आठवड्यांतला हाच सर्वांत बोलका भाग आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याची सुरुवातीची प्रकरणे घ्यावीत. त्यात मोहोरी बीबी विरुद्ध धरमोदास घोष हा १९०३ चा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, निवाडा येतो. अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेल्या, मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज घेतले. सावकाराच्या माणसाला त्याचे वय माहीत होते. कौन्सिलने ठरवले की अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक आहे, म्हणून गहाणही राहिले नाही. हे वाचून झाल्यावर मुलीला पुस्तक मिटून ते आपल्या शब्दांत सांगायला लावावे. आपल्याला कायदा ठाऊक असण्याची गरज नाही. ती फक्त “अज्ञानाचा करार रद्दबातल” एवढे वाक्य म्हणते, की “मग सावकाराचे पैसे बुडाले का? मुलाने वय खोटे सांगितले असते तर?” असे विचारते, हे ऐकावे. दुसऱ्या प्रकारचे प्रश्न ज्या मुलांना आपोआप पडतात, त्यांना पुढे आयकर आणि कंपनी कायदा वाचताना त्रास कमी होतो. ज्यांना ते पडत नाहीत त्यांनाही शिकवता येते, पण वेळ लागतो, आणि तो वेळ हिशेबात धरावा लागतो.

इथेच माध्यमाचा मुद्दा येतो. सीएची परीक्षा इंग्रजीत किंवा हिंदीत देता येते, मराठीत नाही. मी स्वतः गिरगावातल्या मराठी शाळेत शिकले आणि माझ्याकडच्या उत्तम आर्टिकलांपैकी कित्येकजण मराठी माध्यमाचे होते, तेव्हा हा अडसर आहे असे मी म्हणणार नाही. पण कायद्याच्या पेपरात आधी तरतूद, मग दिलेल्या प्रसंगाला ती कशी लागू होते, मग निष्कर्ष, असे पूर्ण वाक्यांत लिहावे लागते. समजले आहे पण लिहिता येत नाही, अशी अवस्था झाली तर ती क्षमतेची उणीव नसून सरावाची असते. तिने रोज एक उत्तर इंग्रजीत हाताने लिहावे. चौदा दिवसांनी पहिले आणि शेवटचे उत्तर शेजारी ठेवले की सुधारणा होते आहे का ते कोणालाही दिसते.

शेवटचे दोन आठवडे परीक्षेच्या पद्धतीने काढावेत. फाउंडेशनचे अकाउंटिंग आणि कायदा हे पेपर प्रत्येकी तीन तासांचे, लेखी उत्तरांचे आहेत. उरलेले दोन प्रत्येकी दोन तासांचे, पर्यायी उत्तरांचे, आणि त्यांत चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो. घड्याळ लावून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून तिने झालेल्या प्रकरणांवरचे प्रश्न सोडवावेत. सहाव्या आठवड्यात पहिल्या आठवड्यातली न सुटलेली गणिते पुन्हा द्यावीत. किती गुण पडले यापेक्षा मी एकच गोष्ट पाहीन: पहिल्या आठवड्यातली चूक सहाव्या आठवड्यात पुन्हा झाली का. नव्या चुका होणारच. तीच चूक, त्याच जागी, दाखवून झाल्यावरही होत असेल तर मात्र तिच्याशी शांतपणे बसून बोलावे लागेल.

परीक्षेच्या आकड्यांची पालकांना भीती वाटते, म्हणून त्याविषयी थोडे. डिसेंबर २०२३ च्या फाउंडेशनमध्ये सुमारे ३० टक्के मुले उत्तीर्ण झाली आणि जून २०२४ मध्ये सुमारे १५ टक्के. सहा महिन्यांत मुलांची क्षमता निम्मी झाली नव्हती. त्यामुळे एका अटेम्प्टच्या निकालावरून कोणत्याही मुलाबद्दल कायमचे मत बनवू नये. शिवाय उत्तीर्ण होण्याचा नियम असा आहे की प्रत्येक पेपरात किमान ४० आणि एकूण ५० टक्के, म्हणजे ४०० पैकी २००, दोन्ही लागतात. ७२, ३८, ५५ आणि ६० असे गुण पडले तर बेरीज २२५ होते आणि तरी मूल नापास होते, केवळ त्या ३८ मुळे. एका विषयात चमकण्यापेक्षा नावडता विषय ४० च्या वर ओढून नेणे या परीक्षेत अधिक मोलाचे आहे. मला स्वतःला इंटरला कॉस्टिंगमध्ये ३७ गुण पडले होते आणि अख्खा ग्रुप पुन्हा द्यावा लागला होता. तेव्हा मी आठवडाभर पुस्तकाला हात लावला नाही, आणि मग नावडत्या विषयापासूनच सुरुवात केली. आपल्या मुलीच्या बाबतीतही या सहा आठवड्यांत एखादा दिवस असा येईल की काहीच सुटणार नाही. त्यानंतर ती किती दिवसांनी पुन्हा पुस्तक उघडते, ते वहीतल्या तारखांवरून कळेल.

थोडक्यात, इथवर मी चार गोष्टी पाहायला सांगितल्या: न जुळलेला आकडा तिला टोचतो का, नियम वाचून तिला प्रश्न पडतात का, समजलेले लिहून दाखवता येते का, आणि चुकल्यावर तीच चूक पुन्हा होते का. चारही चांगल्या असणारे मूल मी क्वचितच पाहिले आहे. पहिली आणि चौथी ठीक असतील तर मी पुढे जायला सांगेन; दुसरी आणि तिसरी शिकवून येतात.

बरेच काही परिस्थितीवरही अवलंबून आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत दादरला येऊन, चार तास क्लास करून, पुन्हा लोकलने घरी जाणाऱ्या मुलीची एकाग्रता संध्याकाळी किती उरते, हे आपण जाणता. अशा थकलेल्या मुलीचे गुण कमी पडले तर त्याचा अर्थ क्षमता कमी असा होत नाही. घरात अभ्यासाला शांत कोपरा नसेल तर जवळच्या अभ्यासिकेत जागा घ्यावी. त्याची फी क्लासच्या मानाने किरकोळ असते. वेळेचा हिशेबही आधीच मांडावा. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांची झाली आहे, ती इंटरमीडिएटचे दोन्ही ग्रुप सुटल्यावर सुरू होते, आणि ती संपल्यावर सहा महिने अभ्यासाला मिळून मग फायनल देता येते. सगळे पहिल्या फटक्यात झाले तरी बारावीनंतर किमान साडेतीन वर्षे लागतात, आणि सगळे पहिल्या फटक्यात होणारी मुले थोडी असतात. मे २०२४ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच उत्तीर्ण झाले. म्हणून घराने पाच वर्षांची तयारी ठेवावी असे मी सांगते. आर्टिकलशिपमध्ये विद्यावेतन मिळते, पण त्यावर घर चालेल अशी अपेक्षा ठेवू नये. वडिलांची नोकरी, घराचे हप्ते, धाकटी भावंडे यांचा विचार करून पाच वर्षे शक्य नसतील, तर आधी बी.कॉम. किंवा बीएएफ (अकाउंटिंग अँड फायनान्समधली पदवी) करून किमान ५५ टक्के गुण मिळवल्यास वाणिज्य पदवीधराला फाउंडेशन न देता थेट इंटरमीडिएटला प्रवेश घेता येतो. त्या मार्गाने आलेली मुले माझ्या अनुभवात थोडी अधिक पक्व असतात. उशीर झाला असे मला त्यांच्याबाबतीत कधी वाटलेले नाही.

सहा आठवड्यांनंतर चित्र वेगळे दिसले तर तेही नीट वाचावे. कायद्याची प्रकरणे आवडली आणि हिशेब नकोसे झाले, तर कंपनी सेक्रेटरीचा अभ्यासक्रम पाहावा. कारखान्यातले खर्च, उत्पादन, किंमत ठरवणे यांत रस दिसला तर कॉस्ट अकाउंटंटचा आहे. शेअर आणि गुंतवणुकीत मन रमत असेल तर सीएफए हा गुंतवणूक विश्लेषणाचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आहे, पण त्याचे शुल्क डॉलरमध्ये आणि परीक्षा पूर्ण इंग्रजीत, हे लक्षात घ्यावे.

राहिला फीचा आणि तारखेचा प्रश्न. क्लासवाले जूनअखेरची घाई करत आहेत, पण संस्थेच्या नियमांत तशी घाई नाही. फाउंडेशन वर्षातून तीनदा होते: जानेवारीत, मे-जूनच्या सुमारास आणि सप्टेंबरमध्ये. परीक्षेआधी चार महिन्यांचा अभ्यासकाल लागतो, त्यामुळे जानेवारीच्या परीक्षेसाठी नोंदणी १ सप्टेंबरपर्यंत व्हावी लागते. नेमकी तारीख संस्थेच्या संकेतस्थळावर एकदा पाहून घ्यावी. म्हणजे जून आणि अर्धा जुलै या पारखण्यात गेला तरी काहीच हातचे जात नाही. उलट सहा आठवडे एकटीने पुस्तक वाचलेली मुलगी क्लासमध्ये बसली तर काय विचारायचे ते तिला ठाऊक असते. क्लासला दोन गोष्टी विचाराव्यात: पूर्ण फी न भरता तीन-चार तास बसून पाहू देतील का, आणि फी हप्त्यांत घेऊन मधेच सोडल्यास उरलेली परत करतील का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी न घेता पावतीवर लिहून मागावे. ते लिहून देत नसतील तर दादरलाच दुसरे क्लास आहेत, आणि ठाण्यातही आहेत. तिथे गेल्यास तिचा रोजचा प्रवासही निम्म्याहून कमी होईल.